आधीच्या मालकाने केलं, निस्तरायचं कोणी?

रिसेलचं घर घेतलेल्या वाचकांच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या रूपांत येते: नियम मोडला दुसऱ्याने, नोटीस आली आम्हाला. निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. नोटीस हातात पडली की भांडायला उठण्याआधी ती कोणत्या खात्यातली आहे ते पाहावं. पालिकेचा बांधकाम नियम मोडलेला असेल तर तो दोष भिंतीला चिकटलेला असतो आणि घराबरोबर तुमच्याकडे येतो. सोसायटीच्या उपविधीचा, म्हणजे तिच्या स्वतःच्या नियमांचा भंग आणि त्याबद्दलचा दंड हे वेगळं प्रकरण. थकलेलं मेंटेनन्स हे तिसरं. सोसायट्या ही तिन्ही एकाच पत्रात, एकाच आकड्यात घालून पाठवतात आणि घोळ तिथेच होतो.

प्रश्न: मुलुंडला आठ महिन्यांपूर्वी तिसऱ्या मजल्यावर रिसेलचा फ्लॅट घेतला. इमारतीची ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) 2005 ची. आता सोसायटीची नोटीस आली आहे: बाल्कनी बंद केली, बेडरूमच्या खिडकीबाहेरचा, झाडांसाठीचा फ्लॉवर बेड खोलीत घेतला, सहा वर्षांचा दंड 48 हजार भरा आणि पंधरा दिवसांत सगळं पूर्ववत करा. हे सगळं आधीच्या मालकाने केलेलं आहे. आम्ही फक्त रंग दिला. काय करावं?

पंधरा दिवसांत तोडफोड करू नका, पण पंधरा दिवसांत लेखी उत्तर मात्र द्या. उत्तर न देणारा माणूस पुढे प्रत्येक पायरीवर अडचणीत येतो. पत्र दोन प्रतींत करा, एकीवर सोसायटीचा इनवर्ड शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. पत्रात तीन गोष्टी असाव्यात. फ्लॅट कोणत्या तारखेच्या नोंदणीकृत कराराने घेतला आणि त्यानंतर तुम्ही बांधकामात कोणताही बदल केलेला नाही. मंजूर नकाशा, आधीच्या मालकाला पाठवलेल्या नोटिसा आणि दंड ठरवणाऱ्या सर्वसाधारण सभेच्या ठरावाची प्रत द्यावी. आणि आर्किटेक्टकडून पाहणी करून अमुक तारखेपर्यंत कळवतो. “आम्ही नियम मोडला” असं लिहू नका आणि “आमचा काही संबंध नाही” असंही लिहू नका. पहिल्या वाक्याने दंड अंगावर येतो, दुसऱ्याने दुरुस्तीची जबाबदारी नाकारल्यासारखं होतं.

मग मंजूर नकाशा मिळवा. सोसायटीकडे नसेल तर महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा अर्ज, उत्तराची मुदत 30 दिवस. सहकारी सोसायटीला थेट माहिती अधिकार लागू होत नाही, पालिकेच्या कागदांना होतो. परवानाधारक आर्किटेक्टला घेऊन त्या नकाशावर घराची मापं ताडून पाहा.

इथे कधी कधी सुखद धक्का बसतो. मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत बाल्कनी शुल्क भरून बंद करता येत असे आणि बऱ्याच बिल्डरांनी ती परवानगी मूळ नकाशातच घेतलेली असते. नकाशात ‘बंदिस्त बाल्कनी’ असा उल्लेख निघाला तर नोटिशीतला तो मुद्दा तिथेच संपतो. खिडकीची चौकट, काचेचा रंग किंवा बाहेर आलेली ग्रिल इमारतीच्या दर्शनी रूपाला विसंगत आहे, एवढंच सोसायटी म्हणू शकते. तो उपविधीचा प्रश्न झाला, पालिकेचा नव्हे.

फ्लॉवर बेडचं तसं नाही. जानेवारी 2012 च्या दुरुस्तीपूर्वी मुंबईत फ्लॉवर बेड चटईक्षेत्रात (एफएसआय, म्हणजे भूखंडावर मंजूर बांधकामक्षेत्रात) धरला जात नसे. तुमची इमारत त्या काळातली आहे. खोलीत घेतलेला फ्लॉवर बेड म्हणजे न मोजलेलं क्षेत्र वापरात घेणं. ते नियमित करून घ्यायचं तर भूखंडावर चटईक्षेत्र शिल्लक हवं, ते सगळ्या सभासदांचं सामाईक असल्याने सोसायटीचा ठराव हवा, अधिमूल्य (प्रीमियम) भरायला हवं. एका फ्लॅटसाठी हे जुळून येणं कठीण. सतरा घरांनी तेच केलं असेल आणि सोसायटीने एकत्र प्रस्ताव टाकला, तर गोष्ट वेगळी. “इतकी वर्षं कोणी बोललं नाही” हा बचाव पालिकेपुढे चालत नाही. काळ लोटला, पैसे गुंतले, अधिकाऱ्यांनी डोळेझाक केली म्हणून अनधिकृत बांधकाम अधिकृत ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा बजावलं आहे.

आमचा सल्ला: बाल्कनीसाठी कागद शोधा, फ्लॉवर बेड मात्र पूर्ववत करा. नोटीस हे एकच कारण नाही. फ्लॉवर बेड हा बाहेर काढलेला, एका बाजूनेच धरलेला स्लॅब. मातीचा भार त्यात धरलेला असतो, पण टोकावर बांधलेल्या भिंतीचा नसतो. चार इंची विटांची, आठ फूट लांब आणि तीन फूट उंच भिंत प्लास्टरसह पाचशे किलोच्या पुढे जाते, आणि हे वजन नेमकं सर्वांत वाईट जागी, म्हणजे कडेला येतं. वर सरकती खिडकी, फरशी, पलंग. शिवाय भराव घालताना पाणी जाण्याचा पाइप बहुधा बुजवलेला असतो. अशा स्लॅबच्या मुख्य सळ्या वरच्या अंगाला असतात, त्यामुळे वरून मुरणारं पाणी आधी त्याच सळ्यांना गंजवतं. खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली आहे का, ते आजच विचारून घ्या.

काम कसं करावं:

आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची पाहणी आणि त्याचं पत्र. बेडरूम आणि फ्लॉवर बेडमधली भिंत पाडताना आधीच्या मालकाने तुळईला किंवा लिंटलला (खिडकीवरच्या आडव्या काँक्रीट पट्टीला) हात लावला आहे का, हे त्यात स्पष्ट हवं.

त्यानंतर सोसायटीला कामाची तारीख, कंत्राटदाराचं नाव आणि वेळ कळवून लेखी परवानगी. पूर्ववत करायलाही परवानगी घ्यावी, नाहीतर ‘विनापरवाना काम’ म्हणून नवी नोटीस येते.

टोकावरची बाहेरची भिंत प्रथम उतरवायची, वरून खाली, एकेक थर. आतला भराव नंतर. भराव हाताने उकरून गोण्यांत भरायचा. ब्रेकर मशीन लावू देऊ नका. कंत्राटदार “अर्ध्या दिवसात उडवतो” म्हणेल, पण वरच्या सळ्यांवरचं काँक्रीट त्या हादऱ्याने फुटतं. राबिटच्या (पाडकामाच्या मलब्याच्या) गोण्या त्याच स्लॅबवर रचून ठेवायच्या नाहीत, रोजच्या रोज खाली.

स्लॅब उघडा झाल्यावर गंजलेल्या सळ्या दिसल्या तर इंजिनिअरने सांगितल्याप्रमाणे दुरुस्ती. मग वॉटरप्रूफिंग, शंभरास एक उतार पाइपच्या दिशेने, आणि 48 ते 72 तास पाणी साठवून चाचणी. खालच्या शेजाऱ्यांना बोलावून छत दाखवा आणि कोरडं असल्याचं दोन ओळींत लिहून घ्या. त्यानंतरच बेडरूमच्या बाजूची मूळ भिंत हलक्या सिपोरेक्स ब्लॉकने बांधून खिडकी बसवा.

शेवटी फोटो, इंजिनिअरचं पूर्णतेचं पत्र आणि सोसायटीचं ‘उल्लंघन दूर झालं’ असं पत्र. हे शेवटचं पत्र मागायला लोक विसरतात आणि कमिटी बदलली की विषय पुन्हा उकरला जातो.

आता दंड. उपविधीच्या भंगाचा दंड सर्वसाधारण सभेने ठरवलेला असावा लागतो आणि तो लावण्याआधी त्या सभासदाला नोटीस देऊन म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. सेक्रेटरीने परस्पर हिशेब करून बिलात चढवलेला आकडा टिकत नाही. त्या सहा वर्षांतला बहुतेक काळ सभासद तुम्ही नव्हता. म्हणून तुम्ही ताबा घेण्यापूर्वीच्या काळाचा दंड लेखी नाकारा, आणि तुमच्या काळातल्या महिन्यांबद्दल “आम्ही दुरुस्ती करत आहोत, दंड माफ करावा” अशी विनंती करा. दुरुस्तीची तारीख दिली की बहुतेक कमिट्या इथवर येतात. मेंटेनन्स मात्र एक दिवसही थांबवू नका. सोसायटीने चेक नाकारला तर बँकेतून थेट भरा आणि ‘चालू मेंटेनन्स, वादग्रस्त दंड वगळून’ असं ईमेलने कळवा. थकबाकीदार ठरलात की तुमची बाजू कितीही खरी असो, बोलायची सोय उरत नाही.

आधीच्या मालकाकडून खर्च वसूल होईल का? करारात नुकसानभरपाईचं कलम असेल तर होईल, वकिलामार्फत नोटीस पाठवा आणि तीन वर्षांची मुदत लक्षात ठेवा. कलम नसेल तर अवघड आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चं कलम 55 विक्रेत्याला दोष उघड करायला लावतं, पण साध्या काळजीने खरेदीदाराला दिसू शकले नसते असेच दोष. बंद बाल्कनी डोळ्यांना दिसत होती, असं तो म्हणेल. लपवलेली जुनी नोटीस हा तुमचा जास्त जोरदार मुद्दा आहे. म्हणून तर आधीच्या मालकाला गेलेल्या नोटिसांच्या प्रती मागायच्या.

पालिकेचीच नोटीस आली तर घाई वेगळी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 53 खालची नोटीस सध्याच्या मालकाला बजावली जाते, बांधकाम कोणी केलं हे तिथे बघत नाहीत. त्या नोटिशीतल्या मुदतीतच बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम 44 खाली अर्ज करता येतो आणि निर्णय होईपर्यंत नोटीस थांबते. मुदत गेली की हा दरवाजा बंद.

प्रश्न: आम्ही कोथरूडला घर घेतलं. इमारतीला सगळे सोसायटीच म्हणतात. पण आता ‘अपार्टमेंट असोसिएशन’च्या लेटरहेडवर 1 लाख 86 हजारांची मागणी आली आहे. त्यात आधीच्या मालकाचं मेंटेनन्स, रंगकामाची वर्गणी, व्याज आणि पॅसेजमध्ये सामान ठेवल्याचा दंड आहे. विकणारा फोन उचलत नाही.

पुण्यात हा फरक न कळल्याने पुष्कळ लोक फसतात. तुमची इमारत सहकार कायद्याखाली नाही, महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, 1970 खाली आहे. खात्री करायची तर खरेदीखत पाहा. ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ आणि इमारत या कायद्याखाली आणणाऱ्या घोषणापत्राचा उल्लेख असेल, सामाईक क्षेत्रातल्या तुमच्या वाट्याची टक्केवारी दिलेली असेल आणि सोसायटीचं सभासदत्व दाखवणारं शेअर सर्टिफिकेट नसेल.

या कायद्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर नेमकेपणाने दिलेलं आहे. अपार्टमेंट विकलं की विक्रीपर्यंतच्या थकलेल्या सामाईक खर्चाला विकणारा आणि घेणारा दोघंही संयुक्तपणे आणि वेगवेगळे जबाबदार असतात. म्हणजे असोसिएशन पूर्ण रक्कम तुमच्याकडून मागू शकते. तुम्ही ती भरून विक्रेत्याकडून वसूल करायची. पण त्याच तरतुदीत खरेदीदाराला एक ढालही दिली आहे: व्यवस्थापकाकडून किंवा मंडळाकडून थकबाकीचं विवरण मागायचा हक्क. त्या विवरणात जो आकडा लिहून मिळाला, त्याच्या पलीकडची थकबाकी तुमच्याकडून वसूल होत नाही.

खरेदीच्या वेळी असं पत्र घेतलं होतं का? बँकेने कर्जासाठी घेतलं असेल, बँकेच्या फाइलमध्ये शोधा. त्यात ‘बाकी 12 हजार’ लिहिलेलं असेल तर तुमचा विषय 12 हजारांवर संपला.

पत्र नसेल तर मागणी फोडून मागा: वर्षनिहाय मेंटेनन्स, वर्गणीचा ठराव आणि तारीख, व्याजाचा दर आणि तो कोणत्या उपविधीत आहे. मग चाळणी लावा. मेंटेनन्स आणि विक्रीआधी ठरलेली रंगकामाची वर्गणी हा सामाईक खर्च आहे, तो टळत नाही. पॅसेजमधल्या सामानाचा दंड हा सामाईक खर्च नव्हे, त्या माणसाच्या वागण्याचा दंड आहे. तो वेगळा काढायला सांगा. व्याज घोषणापत्राबरोबर नोंदलेल्या उपविधींत नसेल तर तेही. उरलेली रक्कम ‘हक्क राखून’ असं लिहून भरा आणि पावती तुमच्या नावावर घ्या. विक्रेत्यावर दावा करताना तीच उपयोगी पडते.

सोसायट्यांच्या व्याजाबद्दलही इथेच सांगतो, कारण बिलं तपासताना ही चूक वारंवार सापडते. आदर्श उपविधींनुसार थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त 21 टक्के, तेही सरळव्याज. एक लाखावर तीन वर्षांचं व्याज 63 हजार होतं. दर महिन्याचं व्याज मुद्दलात मिसळत गेलं की तेच सुमारे 87 हजार होतं. सॉफ्टवेअरमध्ये एक खूण चुकीची पडलेली असते आणि कमिटीलाही ते माहीत नसतं. कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

प्रश्न: कल्याणमधल्या सोसायटीने आमचा सभासदत्वाचा अर्ज घेतलाच नाही. “आधीच्या मालकाने लॉबीत लावलेला लोखंडी दरवाजा काढा, दीड लाख बिल्डिंग फंड द्या, मग बघू,” असं चेअरमन तोंडी सांगतात.

लॉबीतला दरवाजा काढून टाका. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. लॉबी सामाईक आहे, आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट आहे, आणि अग्निसुरक्षेच्या तपासणीत एका घराचा असा दरवाजा सगळ्या इमारतीला त्रास देतो. काढल्याचा फोटो तारखेसह ठेवा.

पण त्या दरवाजासाठी सभासदत्व अडवणं चूक आहे. पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं कलम 23 हेच सांगतं. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. सोबत विक्रेत्याचा हस्तांतरणाचा अर्ज, मूळ शेअर सर्टिफिकेट, नोंदणीकृत करार आणि इंडेक्स टूची (नोंदणी कार्यालयाच्या उताऱ्याची) प्रत, प्रवेश फी 100 आणि हस्तांतरण फी 500 रुपये. अर्ज पोचल्यापासून तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर कलम 22 नुसार तुम्ही सभासद झालात असं मानलं जातं. टपाल घ्यायलाच नकार दिला तर अर्ज आणि रक्कम सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे द्या. ते तीस दिवसांत सोसायटीकडे धाडतात आणि तिथून साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर तोच परिणाम. लेखी नकार आला तर कारण कितीही हास्यास्पद असो, उपनिबंधकांकडे अपिलाची मुदत दोन महिन्यांची आहे, ती चुकवू नका.

दीड लाखाचं नाव ‘बिल्डिंग फंड’ असो की ‘स्वेच्छा देणगी’, 9 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशानुसार महानगरपालिका हद्दीत हस्तांतरणाचं अधिमूल्य 25 हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्यापलीकडे देणगी म्हणूनही नाही. चेअरमनना हा आदेश माहीत नसतो असं नाही. तोंडी मागणी तोंडीच राहते म्हणून ती तोंडी असते. “आपण 12 तारखेला मागितलेल्या रकमेचा ठराव द्यावा” असं एक पत्र टाका.

थकबाकीच्या बाबतीत मात्र सोसायटी बरोबर असते. सहकारी संस्था अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर संस्थेचं येणं चुकतं झाल्याशिवाय हस्तांतरण परिणामकारक होत नाही. विक्रेत्याची बाकी असेल तर आधी ती संपवा.

प्रश्न: जुन्या मालकाने त्याच्या करारात स्टिल्ट पार्किंग (इमारतीखाली खांबांमधली गाडीची जागा) ‘विकत घेतलेलं’ आहे आणि आम्हालाही ते विकलं. सोसायटी म्हणते जागा आमची. इमारत 1998 ची, बोरिवलीला.

सोसायटीचं बरोबर आहे. स्टिल्टमधलं किंवा उघड्यावरचं पार्किंग हा स्वतंत्र विकायचा फ्लॅट नव्हे, बिल्डरला ते विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये पांचाळी सोसायटीच्या प्रकरणात दिला आहे. आधीच्या मालकाला जे मिळालंच नव्हतं, ते तो तुम्हाला देऊ शकत नव्हता. सभासदत्व मिळाल्यावर पार्किंगसाठी नव्याने अर्ज करा आणि सोसायटीचं वाटप धोरण किंवा चिठ्ठ्यांचा क्रम काय आहे ते विचारा. पार्किंगपोटी दिलेली रक्कम करारात वेगळी दाखवली असेल तर विक्रेत्याकडे मागता येईल.

प्रश्न: पिंपरीतल्या वरच्या मजल्यावरच्या घराचं मिळकतकराचं बिल दुपटीहून जास्त आलं. गच्चीवर पत्र्याची खोली आधीपासून होती.

ही शास्ती, म्हणजे दंडात्मक आकारणी आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267अ खाली अवैध बांधकामावर मिळकतकराच्या दुप्पट रकमेची शास्ती, बांधकाम अवैध राहील तोवर दरवर्षी लागू शकते. ती भरली म्हणून खोली अधिकृत होत नाही, हे त्याच कलमात आहे. “आम्ही टॅक्स भरतो ना” हा युक्तिवाद इथे उलटतो. करसंकलन कार्यालयातून आकारणीचा उतारा घ्या आणि कोणत्या वर्षापासून, किती चौरस फुटांवर शास्ती लावली ते पाहा. पुष्कळदा मोजमाप चुकलेलं असतं किंवा शेड काढूनही नोंद तशीच राहिलेली असते. शासनाने वेळोवेळी दिलेल्या सवलती तुमच्या क्षेत्रफळाला आणि वर्षाला लागू होतात का, ते तिथेच लेखी विचारा. खोली काढणार असाल तर काढण्याआधीचे आणि नंतरचे फोटो जोडून फेरआकारणीचा अर्ज करा. गच्ची सामाईक असेल तर नियमित करण्याचा विचारही सोडा.

प्रश्न: आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसजवळ घर घेतलं. दोन महिन्यांत एचओएचं (वसाहतीतल्या घरमालकांच्या असोसिएशनचं) पत्र आलं: मागच्या अंगणातली शेड मंजुरीविना आहे आणि कुंपणाचा रंग यादीत नाही. दोन्ही आधीच्या मालकाचं. महाराष्ट्रातले नियम इथे चालणार नाहीत हे माहीत आहे, पण दिशा सांगाल का?

तिथला कायदा या बाबतीत खरेदीदाराला बराच बरा आहे. क्लोजिंगच्या (खरेदी पूर्ण होतानाच्या) कागदांत ‘रिसेल सर्टिफिकेट’ शोधा. टेक्सस प्रॉपर्टी कोडच्या 207 व्या प्रकरणानुसार असोसिएशनने ते मागणीनंतर कामाच्या दहा दिवसांत द्यायचं असतं, आणि घरावरचं जे उल्लंघन मंडळाला माहीत आहे ते त्यात नमूद करायचं असतं. सर्टिफिकेटमध्ये शेडचा उल्लेख नसेल तर दिलेलं विधान असोसिएशनला नंतर नाकारता येत नाही, आणि त्यात न दाखवलेली जुनी देणी तुमच्यावर येत नाहीत. पण मंडळाला त्या दिवशी माहीतच नव्हतं, असं ते म्हणू शकतात. म्हणून आधीच्या मालकाला गेलेली पत्रं आणि तपासणीच्या नोंदी मागा.

आलेलं पत्र पुन्हा नीट वाचा. 209 व्या प्रकरणानुसार दंडाआधी सर्टिफाइड मेलने नोटीस लागते, दुरुस्तीसाठी वाजवी मुदत लागते आणि ती पाळली तर दंड टळतो. नोटीस पाठवल्यापासून तीस दिवसांत मंडळापुढे सुनावणी मागायचा हक्क आहे. सुनावणीची मागणी ईमेलवर न सोडता सर्टिफाइड मेलनेच करा.

रंगाचं काम स्वस्तात सुटतं, यादीतला रंग निवडून मोकळे व्हा. शेडसाठी स्थापत्य समितीकडे मंजुरीचा मागाहून अर्ज करा: प्लॉटचा सर्व्हे, शेडची लांबी, रुंदी, उंची, हद्दीपासूनचं अंतर, छताचं साहित्य, चारही बाजूंचे फोटो. इथे खरी अडचण बहुधा रंगरूपाची नसते, शेड युटिलिटी ईझमेंटवर, म्हणजे वीज-पाण्याच्या लाइनींसाठी राखलेल्या पट्ट्यावर बसलेली असते. तसं असेल तर मंजुरी मिळणार नाही आणि शेड सरकवावीच लागेल. शेड चार वर्षांहून जुनी असेल तर स्थानिक वकिलाला विचारा, कारण अशा निर्बंधांच्या अंमलबजावणीच्या दाव्याला तिथे चार वर्षांची मुदत आहे. तारखेसाठी उपग्रहचित्रांचा जुना इतिहास कामी येतो. आणि निव्वळ दंडापोटी असोसिएशनला घराचं फोरक्लोजर (वसुलीसाठी घराची विक्री) करता येत नाही, त्यामुळे पत्रातल्या धमकीच्या भाषेने झोप उडवून घेऊ नका. मासिक वर्गणी थकवली तर मात्र करता येतं.

प्रश्न: नाशिकला रिसेलचा फ्लॅट पसंत पडला आहे, अजून टोकन दिलेलं नाही. काय काय तपासावं?

मंजूर नकाशाची प्रत आणि मोजपट्टी घेऊन एकदा घरात जा. बाल्कनी, ड्राय बाल्कनी, डक्टकडची खिडकी, टॉयलेटची जागा, दोन खोल्यांमधली काढलेली भिंत एवढंच बघा. टॉयलेट मूळ जागेवरून हलवलेलं असेल तर खाली कोणाचं स्वयंपाकघर येतं ते विचारा. गळतीची भांडणं तिथूनच सुरू होतात.

आदर्श उपविधींनुसार विक्रेत्याने सोसायटीला हस्तांतरणाची पंधरा दिवसांची पूर्वसूचना द्यायची असते. त्या सूचनेबरोबरच त्याच्याकडून हे चार प्रश्न लेखी विचारून घ्या: आजच्या तारखेला मेंटेनन्स, वर्गण्या, व्याज यांची एकूण बाकी किती? या फ्लॅटबाबत आजवर कोणती नोटीस दिली आहे? सभेत ठरलेली पण अजून न मागितलेली वर्गणी आहे का? सहकार न्यायालयात, उपनिबंधकांकडे किंवा पालिकेत काही प्रलंबित आहे का? नुसतं ‘ना हरकत’ पत्र पुरत नाही. त्यात पहिल्या प्रश्नाचंच उत्तर असतं, तेही मोघम.

करारात असं कलम घाला: “ताब्याच्या तारखेपूर्वी सदनिकेत झालेल्या कोणत्याही बदलाबाबत अथवा त्या काळातील देण्याबाबत संस्थेची, महानगरपालिकेची वा अन्य प्राधिकरणाची मागणी आल्यास ती रक्कम व पूर्ववत करण्याचा खर्च विक्रेता मागणीपासून तीस दिवसांत देईल.” आणि फक्त कलमावर विसंबू नका. एखादा बदल डोळ्यांसमोर दिसत असेल तर तो पूर्ववत करण्याचं कोटेशन घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करा, किंवा शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर होईपर्यंत रोखून ठेवा. विक्रेता दुसऱ्या गावी किंवा परदेशी जाणार असेल तर रोखलेले पैसेच काय ते खरे.

कर्ज घेणार असाल तर बँकेच्या मूल्यांककाची पाहणी टोकनच्या आधी करून घ्यायचा प्रयत्न करा. नकाशापेक्षा वेगळं बांधकाम त्याने अहवालात लिहिलं की कर्ज अडतं, आणि टोकन परत करायला कोणताही विक्रेता उत्सुक नसतो.